नंबर मीच सांगितला

आजीचं क्रेडिट कार्ड कुणीतरी वापरलं आणि पैसे गेले, एवढं तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलेलं आहे. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी त्यालाही सुरुवातीला सांगितलं नव्हतं आणि त्यापायी इथल्या एका माणसाचं नाव जवळजवळ दोन आठवडे खराब झालं. त्या माणसाबद्दल तुमच्या घरात फोनवर जे बोलणं झालं, ते तुमच्याही कानांवर गेलं होतं. धाकटीने मला विचारलं होतं, "आजी, तो भांड्यांच्या दुकानवाला जेलमध्ये गेला का?" गेला नाही. त्याने काही केलंच नव्हतं. कुणी काय केलं, ते आता क्रमाने लिहिते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत लिहायला बसले की आपण चांगलं दिसावं अशी मला ओढ लागते, आणि या प्रकरणात तीच ओढ नडली. मराठीतच वाचा. अडेल तिथे बाबांना विचारा.

कार्ड मला त्यानेच घ्यायला लावलं होतं. तुमच्या वाढदिवसाच्या वस्तू परस्पर मागवता याव्यात, हा हेतू. माजलगावात आता भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते; मलाही तसे देता येतात, पण त्याचा कागद मागे राहत नाही. कार्डाचा दर महिन्याला छापील कागद येतो. तो मी पंच करून फाइलला लावते. कार्ड आवडायचं कारण एवढंच.

ज्या दिवशी पैसे गेले त्याच्या दोन दिवस आधी मी ते कार्ड भांड्यांच्या दुकानात वापरलं. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या मुलीचं लग्न होतं. आपल्याकडे आहेराची भांडी दुकानातच नाव घालून घेतात. टिकटिक करत छोट्या मशीनने भांड्याच्या काठावर अक्षरं कोरतात. मी पाच भांडी घेतली, नाव घालायला दिली आणि कार्डाने पैसे दिले. दुकानदार माझा विद्यार्थी. गावात त्याला सगळे अप्पा म्हणतात. कपाळावर विभूतीचे पट्टे, समोर हिशेबाची वही आणि शेजारी आई, अशी त्या घराण्याची बसायची पद्धत. त्याच्या वडिलांच्या वेळीही तसंच होतं. त्याने माझ्यासमोर कार्ड मशीनला लावलं, माझ्यासमोर परत दिलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते विसरल्यासारखं केलं.

फोन आला तो दुपारी अडीचच्या सुमाराला. जेवण करून, भांडी विसळून मी नुकतीच खुर्चीत बसले होते. पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलत होता.

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. तुमच्याकडे पोस्टमनही इंग्रजीत बोलतो. माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजी शाळेत झालं. लग्न होऊन इथे आले, तुमचे आजोबा धरणाच्या कामावर होते, आणि मी एकतीस वर्षं इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं. शिकवलं, पण बोलायला कुणी नव्हतं. मी प्रश्न इंग्रजीत विचारायची, मुलं उत्तर मराठीत द्यायची आणि आमचं दोघांचंही समाधान व्हायचं. निवृत्त झाल्यापासून रविवारी तुमच्याशी बोलते तेवढंच माझं इंग्रजी. त्यामुळे कुणी नीट, पूर्ण वाक्यांत, घाई न करता इंग्रजी बोलू लागलं की मी खुर्चीत सरळ होऊन बसते. त्या दिवशीही बसले.

तो म्हणाला, मी बँकेच्या कार्ड विभागातून बोलतो आहे. पुढच्या महिन्यापासून तुमच्या कार्डाला वार्षिक शुल्क लागणार आहे. नको असेल तर आज रद्द करून देतो. ज्याची गरज नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत, हा माझा नियम तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, रद्द करा.

त्याने कार्डावरचा नंबर विचारला. मी तो वर्गात डिक्टेशन द्यायची तसा दिला. चार आकडे सांगायचे, थांबायचं, पुढचे चार. सगळे झाल्यावर म्हटलं, आता वाचून दाखवा. त्याने वाचून दाखवला. तिसऱ्या गटात एक आकडा चुकला होता. तो मी दुरुस्त करून दिला.

मग मागच्या बाजूचे तीन आकडे विचारले, तेही दिले. मग मोबाइलवर मेसेज आला. तो म्हणाला, वाचा. मला अर्धवट वाचायची सवय नाही, म्हणून मी तो अख्खा वाचला: सहा आकडे, आणि त्यापुढे, हे आकडे कुणालाही सांगू नका, बँक ते कधीही विचारत नाही, इथपर्यंत. तो म्हणाला, अगदी बरोबर, मॅडम, बाहेरच्या कुणालाही सांगू नका. आणि विचारलं, आपण प्राध्यापक होता का? मी म्हटलं, शाळेत शिक्षिका. तो म्हणाला, वाटलंच मला. त्यानंतर असाच आणखी एक मेसेज आला आणि मी तोही वाचून दाखवला.

शेजारच्या वहिनींना त्याच आठवड्यात असाच फोन आला होता, हे मला नंतर कळलं. त्या चौथी शिकलेल्या. पलीकडचा काय बोलतो ते त्यांना एक अक्षर कळलं नाही, म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला आणि शेंगा निवडायला बसल्या.

मी मात्र फोन संपवला आणि पाच मिनिटांत आणखी दोन मेसेज आले. कुठल्याशा दुकानातून दोन महागडे मोबाइल घेतले गेले होते, एकूण एक्याण्णव हजारांना. काय झालं ते मला मेसेज वाचताक्षणी कळलं. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरला फोन लावून कार्ड बंद केलं, तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला, वेळ लिहिली. इथपर्यंत मी जे केलं ते उशिरा केलं, पण बरोबर केलं.

चूक दुसऱ्या दिवशी सकाळी केली. फोनवर झाली ती फसगत होती. ही चूक माझी.

मोंढ्याजवळ, धान्याच्या बाजारापाशी बँकेची शाखा आहे, तिथे गेले. काउंटरवर नवीन लागलेली मुलगी होती, चांगली, तत्पर. तिने एक अर्ज पुढे ठेवला आणि अर्जातला प्रश्न मोठ्याने विचारला, "मॅडम, ओटीपी कुणाला सांगितला होता का?"

माझ्यामागे रांग होती. रांगेत माझे दोन विद्यार्थी होते. विद्यार्थी म्हणजे आता पन्नाशीचे. एकाचं औषधांचं दुकान आहे, दुसऱ्याचे ट्रॅक्टर चालतात. माजलगावात मी कुठल्याही रांगेत उभी राहिले तरी मागे विद्यार्थी असतोच. औषधवाला म्हणालाही, "या बाईंनी आमाला लई मारलं हाय. ह्यांना कोन फसवतंय." सगळे हसले.

"नाही," मी म्हटलं. "कुणालाही सांगितला नाही."

"मग कार्ड कुठं स्वाइप केलं होतं का, एवढ्यात?"

"तीन दिवसांपूर्वी. भांड्यांच्या दुकानात."

पहिलं उत्तर खोटं होतं, दुसरं खरं होतं. पण दोन्ही एकापुढे एक ठेवल्यावर त्यांतून तिसरंच काहीतरी तयार झालं आणि ते मी बोललेच नव्हते. मुलीने मान हलवली. अर्जात मी निळ्या शाईने "नाही"पुढे खूण केली आणि खाली सही केली. पोलिसांत तक्रार द्यायला लागते असं ती म्हणाली. तिथेही जाऊन तेच लिहून दिलं.

संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. त्याचा पहिला प्रश्न, "आई, तू नंबर सांगितला नाहीस ना कुणाला?" त्याच्या आवाजावरून मला कळलं की मी हो म्हटलं तर पुढचं वाक्य काय असेल. बँकेचं सगळं माझ्याकडे दे, तू कशाला त्रास घेतेस. तुमचे आजोबा गेल्यापासून घराचं वीजबिल, घरपट्टी, औषधं, सगळं मी स्वतः बघते. ते माझ्या हातातून जायला नको होतं.

"नाही रे," मी म्हटलं.

"मग दुकानातूनच गेलाय. मशीनमध्ये काहीतरी बसवतात हे लोक. सोडू नकोस त्याला. पोलिसांना सांग."

मी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही.

पुढच्या चार दिवसांत मी काही केलं नाही. जे झालं ते आपोआप झालं. भाजीवाली पालक निवडून देत म्हणाली, "बाई, तुमचे पैसे त्या अप्पाच्या मशीनीतून गेले म्हनं. लोकं बोलायलेत. वरून एवढी इबूत लावतंय कपाळाला." मी म्हटलं, "तसं काही सिद्ध झालेलं नाही." ती म्हणाली, "आता तुमी मोठ्या मनाच्या, तुमी तसंच म्हननार." म्हणजे मी जे बोलले त्याचाही उपयोग त्याच्याविरुद्धच झाला.

मग कळलं की पोलिसांनी अप्पाला मशीन घेऊन बोलावलं. ऐन लग्नसराईत त्याने अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. मी बाजारात गेले तर त्याच्या दुकानासमोरून न जाता कापड लाइनीकडून वळसा घेऊन जायला लागले. तिकडून भाजी मंडई लांब पडते. पाय दुखायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हे तीन दिवस करते आहे.

आठव्या की नवव्या दिवशी अप्पाची आई घरी आली. माझ्याच वयाची. गुडघ्यांनी अधू आहे, तरी रिक्षा करून आली, सोबत कुणी नव्हतं. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाली, "च्या नको, बाई. बसा तुमी."

मी बसले.

"माजं लेकरू तुमच्या हाताखाली शिकलं. तुमी त्याला वळखता. त्यानं चोरी केली का, तेवडं सांगा."

"नाही," मी म्हटलं. "त्याने काही केलेलं नाही."

"मग कुनी केली?"

"ते पोलीस शोधतील."

ती पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "कुनी केली ते तुमाला ठावं न्हाई. मग त्यानं न्हाई केली, हे कसं ठावं हाय?"

शाळेची पायरीही न चढलेली बाई. एकतीस वर्षं मी मुलांना वाक्याचा अर्थ लावायला शिकवत होते आणि माझ्या दोन वाक्यांतली फट तिने एका दमात दाखवली. ती म्हणाली, "दोन लग्नाची गिऱ्हाइकं बीडला गेली. ते जाऊ द्या. पन रातच्याला त्यो जेवत न्हाई." हाताने गुडघे धरून उठली आणि गेली. गेट लावून घ्यायलाही मी बाहेर गेले नाही.

त्या दुपारी मी एक कागद घेतला आणि झालं तसं लिहून काढलं. फोन, कार्डाचे आकडे, दोन्ही मेसेज, बँकेतलं उत्तर. एक पान झालं. दोन प्रती काढल्या. दुसऱ्या दिवशी आधी पोलीस ठाण्यात गेले.

तिथल्या हवालदाराने कागद दोनदा वाचला. "मॅडम, हे कशाला देता? असं लिवून दिलं तर बँक पैसे देनार न्हाई. तुमीच नंबर सांगितला म्हनल्यावर ते हात झटकतेत."

"माहीत आहे."

"मग राहू द्या ना. दुकानवाल्यावर आमी काई केस करनार न्हाई. मशीनीत काई घावलं न्हाई. आठ-पंदरा दिवसांनी लोकं इसरतेत."

"ते विसरत नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही हे लावून घ्या आणि प्रतीवर शिक्का द्या."

त्याने शिक्का दिला. वर म्हणाला, "मागच्या महिन्यात एक डॉक्टर आले होते. ते म्हनले, बायकोनं सांगितला. बायको म्हनली, ह्यांनी सांगितला. तुमी पहिल्याच, ज्या सोता म्हनल्या." हे तो कौतुकाने म्हणाला, पण मला ते घेता आलं नाही. मी पहिल्याच दिवशी तिथे येऊन खोटं लिहून गेले होते आणि तो कागद त्याच्याच फाइलमध्ये होता.

बँकेतल्या मुलीने कागद घेतला आणि हळू आवाजात सांगितलं की आता माझा दावा बहुतेक नामंजूर होईल. तसा तो पुढे झालाही. ते एक्याण्णव हजार मी माझ्या पेन्शनमधून भरते आहे. जमेल तसं.

संध्याकाळी तुमच्या बाबांना फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि मी त्या माणसाला चोर म्हणत होतो." मग दुसरंही म्हणाला, जे मला अपेक्षित होतं, बँकेचं माझ्याकडे दे. मी म्हटलं, नवीन कार्डाची मर्यादा हवी तेवढी कमी कर, पण बिलं मीच भरणार. ते त्याने मान्य केलं. इतकं सोपं होतं. ज्या भीतीने मी खोटं बोलले ती भीती पाच मिनिटांच्या बोलण्यात संपण्यासारखी होती. बोलायच्या आधी ते कळत नाही.

मला वाटलं, झालं. शिक्का मारलेली प्रत घेऊन मी अप्पाच्या दुकानात गेले. त्याने उभं राहून खुर्ची दिली. मी प्रत पुढे ठेवली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"बाई, तुमी लिवून दिलं, बरं केलं. पन हा कागद फाइलीत ऱ्हातोय. माझं गिऱ्हाईक काय पोलीस ठाण्यात जाऊन फाइल वाचतंय का?"

खरं होतं. मी आयुष्यभर कागदावर विश्वास ठेवला. लिहिलं, सही केली, पंच करून लावलं की गोष्ट झाली असं मी धरून चालते. पण त्याच्याविरुद्ध कुणी कागद केलेलाच नव्हता. जे झालं ते तोंडातून झालं होतं.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

त्याने आईकडे बघितलं. त्याची आई गल्ल्याशेजारून म्हणाली, "परवा बाजार हाय. खेड्यापाड्याची लोकं येतेत. बसा की इथं दिवसभर."

आठवडी बाजाराच्या दिवशी मी सकाळी नऊ वाजता तिथे जाऊन बसले. त्यांनी मला गल्ल्यापाशी, आईच्या शेजारी स्टूल दिलं. आत पितळेचे हंडे, वर टांगलेल्या कढया आणि कोपऱ्यात नाव घालणाऱ्या मशीनची टिकटिक. कुणी काही विचारलं तर सांगायचं, एवढंच ठरलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक तेलगावचं जोडपं. मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायची होती. परातींचा भाव झाल्यावर तो माणूस म्हणाला, "अप्पा, रोख देतो. तुमच्या मशीनीत कार्ड घातलं की पैसे जातेत म्हनं."

अप्पा म्हणाला, "ह्या बाईंना इचारा. त्यांचेच गेलते."

मी सांगायला सुरुवात केली. बँकेतून बोलतो म्हणून फोन आला, वार्षिक शुल्काचा विषय निघाला, तो माणूस इंग्रजी फार चांगलं बोलत होता, आणि... अप्पाच्या आईने माझ्या मांडीवर हात ठेवला. "बाई, एवडं लांबवू नका. गिऱ्हाईक हाय, वर्ग न्हाई."

मी थांबले. मग म्हटलं, "पैसे मशीनमधून गेले नाहीत. फोन आला आणि नंबर मीच सांगितला."

"तुमी?" तो म्हणाला. "तुमी तं इंग्लिशच्या बाई ना?"

"म्हणूनच."

तो हसायला लागला. त्याची बायको त्याला म्हणाली, "हसायलात कावून? तुमी न्हाई का खताच्या सबसिडीच्या फोनवर दोन हजार घातले?"

"ते येगळं होतं."

"काय येगळं होतं? ह्यांनी इंग्लिशमदी घातले, तुमी मराठीत."

दुपारपर्यंत मी ते वाक्य इतक्या वेळा बोलले की ते बोलताना मी अडखळायची थांबले. माणसं ऐकायची, थोडी हळहळायची, थोडी हसायची. एका म्हाताऱ्या धनगर बाबांनी पूर्ण ऐकून विचारलं, "मंजी चोर फोनमदी असतोय व्हय?" आणि खिशातला फोन काढून मुलाच्या हातात दिला, "धर, तूच सांभाळ." दोन बायकांनी भांडी बघत असल्यासारखं करून माझ्याजवळ येऊन सांगितलं की त्यांनीही नंबर सांगितला होता. घरात अजून माहीत नाही म्हणाल्या. एकीने विचारलं, सांगू का? मी म्हटलं, आज सांगा. उद्या तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणावर जाईल.

मला वाटायला लागलं होतं की मी माझं काम नीट करते आहे. इथेच मला माझी ओळखीची सवय दिसायला हवी होती. "नंबर मीच सांगितला" हे वाक्य मला आवडायला लागलं होतं. त्यात मी भोळी होते, प्रामाणिक होते.

तीन वाजता औषधवाला आला, बँकेतल्या रांगेतला. त्याला कळलं होतं म्हणून मुद्दाम आला होता. दुकानात तेव्हा सात-आठ माणसं होती. त्याने माझं वाक्य ऐकलं. मग म्हणाला, "पन बाई, बँकेत तुमी न्हाई म्हनलात. मी मागंच उभा होतो."

टिकटिक थांबली. नाव घालणाऱ्या माणसानेही मान वर केली.

सकाळपासून मी तेवढं सोडून सगळं सांगत होते. नंबर सांगितला, हे फसवलेल्या माणसाचं वाक्य आहे. ऐकणारा तुमच्या बाजूने होतो. पण अप्पाचं नुकसान नंबर सांगितल्याने झालंच नव्हतं. ते बँकेतल्या त्या एका शब्दाने झालं होतं.

"हो," मी म्हटलं. "खोटं बोलले. तुम्ही दोघं मागे होतात, मला लाज वाटली. म्हणून नाही म्हटलं. नंतर पोलिसांतही तेच लिहून दिलं. ते अप्पावर गेलं, मला ते दिसत होतं, आणि मी आठ-नऊ दिवस गप्प बसले."

कुणी हसलं नाही. औषधवाला चपलेकडे बघत उभा राहिला. त्याला हे एवढं नको होतं असं वाटलं. त्याला मला कोंडीत पकडायचं होतं, पण मी इतक्या लवकर सगळं कबूल करेन असं त्याला वाटलं नसावं. तो म्हणाला, "बरं, बाई," आणि एक लहान पातेलं उगाच घेऊन त्याचे पैसे देऊन गेला.

अप्पाची आई म्हणाली, "आता घरी जावा. झालं."

पुढचं मला भाजीवालीकडून कळलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की इंग्लिशच्या बाई बँकेत खोटं बोलल्या. मशीनच्या गोष्टीला आठवडा लागला होता, ही एका दिवसात पसरली. धरणाच्या कॉलनीत गेली, शाळेत गेली. आणि त्या दिवसापासून अप्पाच्या मशीनचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या सांगण्याने लोकांना पटलं असेल, असं मी म्हणणार नाही. त्यांना बोलायला त्याहून चांगली गोष्ट मिळाली होती, एवढंच. लग्नाची गिऱ्हाइकं परत यायला लागली. बीडला गेलेली दोन गेलीच.

शाळेच्या कार्यक्रमाला मला दरवर्षी बोलावतात, यंदा बोलावणं आलं नाही. आलं असतं तर गेले असते. रस्त्यात जुने विद्यार्थी भेटले की पूर्वीसारखे वाकून नमस्कार करतात, पण एकदोघं जाताना हसतात, ते मला ऐकू येतं.

अप्पाच्या दुकानात मी जाते. तो खुर्ची देतो, हवं ते काढून दाखवतो, भाव वाजवी लावतो. पूर्वी तो माझ्याकडे तुमची चौकशी करायचा, नातू केवढा झाला, नात काय शिकते. आता करत नाही. मीही आपणहून सांगत नाही. त्याची आई मात्र परवा माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे ओढून घेऊन म्हणाली, "बाई, हे तळ जळायचं पातेलं हाय, घेऊ नका," आणि मागच्या फळीवरचं जाड बुडाचं काढायला लावलं.